तिसरी गेली

ढोलकी वाजवणाऱ्या बाईनं असं कबूल करू नये, पण माझ्या डाव्या हातानं मला आयुष्यात एकदाच खरी साथ दिली, आणि तीही गप्प बसून. हल्ली आमच्या मंडळातल्या बायका मला कौतुकानं पुढे बसवतात, कुणाच्या मुंजीत, कुणाच्या डोहाळजेवणात ढोलकी माझ्या मांडीवर आणून ठेवतात, आणि मीही 'आता कुठे होतंय' वगैरे म्हणत लगेच पदर खोचते. पण ढोलकीवर पहिली थाप पडायच्या आधी एक क्षण पोटात गोळा येतो. तो गोळा जुना आहे. सोळा-सतरा वर्षांची असताना, रोह्याकडच्या खांब गावापासून आतल्या एका गावात, गौरीपुढच्या अंगणात तो आला आणि तेव्हापासून भाडं न देता राहतोय.

पेणला आमचं घर गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत होतं. बाबा कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे. वर्षभर देवांचे डोळे उघडणारा हा माणूस, गणपती घरोघर बसले की दोन दिवस स्वतःचे डोळे उघडत नसे. आई पोहे कांडायची. गिरणीचे पोहे तोवर सगळीकडे आले होते, पण पेणमधली काही घरं मुसळाच्याच पोह्यांवर अडून होती आणि त्या हट्टावर आमची मागची पडवी दणाणत असे. भिजवून उपसलेलं भात गरम खापरात भाजायचं, तडतडायला लागलं की तसंच वाफाळतं उखळात ओतायचं आणि निवायच्या आत कांडून काढायचं. हात जरा थांबला की पोह्यांच्या कण्या होणार. आई, ताई आणि मी उखळाभोवती तिघी, हातात तीन मुसळं. आईचा घाव, ताईचा घाव, माझा घाव, पुन्हा आईचा. भाजक्या भाताचा खमंग वास, नाकात कोंडा, आणि जमिनीतून पायात चढणारे ते दणके. आमच्या घरात बोलणं सुद्धा त्या दणक्यांच्या मधल्या जागेत बसवून बोलावं लागे.

यात एक खुबी होती. एक घाणा कांडून होईपर्यंत पुढचा खापरात करपू लागायचा. म्हणून ऐन कांडपात तिघींतली एक, बहुतेक वेळा मीच, मुसळ भिंतीला टेकवून चुलीकडे पळायची. आई मान वर न करता म्हणायची, "तिसरी गेली." झालं. तेवढ्या शब्दावर उरलेल्या दोघी माझी रिकामी जागा भरून काढायच्या. घाव थांबत नसे, वेग बदलत नसे. तिघी असताना दर तिसरा घाव आपला, दोघी उरल्या की दर दुसरा, एवढाच फरक. मी परत येऊन मुसळ उचललं की आई म्हणे, "तिसरी आली," आणि दोघी सरकून मला जागा करून देत. भिंतीपलीकडच्या शेजारणीला विचारलं असतं की आत्ता आत तिघी कांडतायत की दोघी, तर तिला सांगता आलं नसतं. तिला नुसते घाव ऐकू यायचे, सारखे, एकामागून एक. सहा घाव मोजले तर ते तीन-तीनचे दोन गट आहेत की दोन-दोनचे तीन, हे कांडणारीच्या दंडालाच ठाऊक.

एवढं सगळं रोज हातानं करणाऱ्या मला ढोलकीतलं काही कळायला हवं होतं, नाही का? पण मी त्या वयात फार मोठी कलावंत होते. बाबांची ढोलकी खुंटीवरून काढून, त्यांचं बघून बघून मी शिकले होते, आणि आळीतल्या गौरीच्या फेरात मीच वाजवायची. कांडणं हे काम आणि वाजवणं ही कला, असं माझं मत होतं. दोन्हींचा संबंध कुणी दाखवला असता तर मला राग आला असता.

ताईचं लग्न झालं ते खांबच्या आतल्या गावात. भावोजी रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. घरात ताईची सासू, जी कमी बोलायची, आणि भावोजींची आत्या, जी सासूच्या वाट्याचंही बोलायची. आत्या लवकर विधवा होऊन भावाकडे परत आलेली, आणि भाऊ गेल्यावर ते घर तिनंच चालवलेलं. लग्नाला महिना झाला नाही तोच कंपनीनं भावोजींना ब्रेक दिला, म्हणजे काही महिने घरी बसवलं. मग म्हशीचं रेडकू गेलं. आत्यानं या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि नव्या सुनेच्या पायाकडे बघितलं. त्यावर नागपंचमीचा फेर आला. अंगणात तीस बायका गोल धरून नाचत होत्या आणि ताईचा पाय चुकला. एकदा नाही, सारखा. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "उलट्या पायाची आणलीय गो आम्ही."

उलट्या पायाची म्हणजे कोण, हे आमच्याकडे लहान पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पडक्या विहिरीवर केस मोकळे सोडून बसते ती.

हे मला कळलं ते श्रावणाच्या अखेरीला, ताई चार दिवस माहेरी आली तेव्हा. आई दारात पोहे मोजून देत होती आणि आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. ताई वाळली होती. आईला सांगू नको, असं तिनं तीनदा म्हटलं आणि मग सांगितलं.

"पहिल्या वळणाला बरोबर पडतो गो पाय. दुसऱ्या वळणाला सगळ्यांचा डावा आणि माझा उजवा. तिसऱ्याला परत बरोबर."

"मग त्यांचाच चुकत असंल," मी म्हणाले.

"तीस बायकांचा?"

"असंल."

ताई हसली नाही. त्या वर्षी गौरी पूर्वा नक्षत्रात येत होत्या, म्हणजे नव्या सुनेचा पहिला ओवसा त्याच वर्षी व्हायचा होता. माहेरची सुपं घेऊन आम्ही जायचं, ताईनं ती गौरीपुढे ओवसायची आणि मग अंगणातला पहिला फेर तिनं धरायचा, सगळं गाव बघत असताना. तिथे पाय उलटा पडला तर ते नाव कायमचं चिकटणार होतं. शिवाय सासू हल्ली म्हणू लागली होती की गौरी झाल्या की सूनबाईनं थोडे दिवस माहेरी राहावं. असं थोड्या दिवसांसाठी आलेली एक बाई आमच्याच आळीत होती. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. आम्ही दोघींनी तिचं नाव काढलं नाही, पण दोघींच्याही नजरा तिच्या दाराकडे गेल्या.

"मला शिकव," ताई म्हणाली. "तू वाजव, मी नाचते. कुठं चुकतंय ते बघ."

तिनं सासरचं गाणं गुणगुणून दाखवलं. तेच आमचं गाणं, गौर माहेराला येते आणि वाटेत तिला काय काय भेटतं ते सांगणारं. चाल तीच, शब्द जवळपास तेच, वेगही तोच. मी ढोलकी घेतली आणि आमच्या आळीत वाजवायची तशी वाजवली. गाण्याचं एक वळण सहा घावांचं, त्यातल्या पहिल्या आणि चौथ्या घावाला डाव्या हाताची घुमारदार थाप. ताईचं पाऊल त्या थापेवर नेमकं पडत होतं. उजवा, डावा, उजवा, डावा. कुठेच चूक नव्हती. मी शाळेतल्या बाईंसारखी गंभीर होऊन सांगितलं की तुला फक्त सराव नाही, आणि चार दिवस, आई बाजारात गेली की, तिला घोटवलं. जिथं किंचित डगमगायची तिथं मी डावी थाप आणखी जोरात मारायची. चौथ्या दिवशी ताई डोळे मिटून नाचली तरी पाय चुकेना. तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. बसमध्ये चढताना तिनं माझा हात दाबला. मी किती खूश होते म्हणून सांगू! घरी येऊन मी आरशात बघितलं होतं, हे आज लिहून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी कांडायला बसलो. दोघीच. आईचा घाव, माझा घाव, आईचा, माझा. आणि मी, मोठी कलावंत, ताईच्या सासरचं ते गाणं गुणगुणायला लागले. गाणं त्या घावांवर अलगद बसलं, आळीतल्यासारखंच. पण माझं मुसळ आता पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घावाला पडत होतं. सहांत तीन. मी मनातल्या मनात तिथं पावलं ठेवून बघितली. उजवा, डावा, उजवा. वळण संपलं. पुढचं वळण सुरू होताना कोणता पाय येतो? डावा.

"सगळ्यांचा डावा आणि माझा उजवा."

माझं मुसळ आईच्या मुसळावर आपटलं. आई म्हणाली, लक्ष कुठं हाय तुझं, कण्या होतील. खांबकडच्या बायका तेच गाणं दोघींच्या कांडपासारखं नाचत होत्या आणि आम्ही तिघींच्यासारखं. चूक कुणाचीच नव्हती. ताईची तर नव्हतीच. पण ताईचा पाय आधी थोडा तरी वळला असता. तो मी चार दिवस खपून सिमेंटसारखा पक्का करून पाठवला होता.

गौरीला आठ दिवस होते. त्या घरी फोन नव्हता. मी पोस्टकार्ड लिहिलं. कार्ड म्हणजे सगळ्या गावानं वाचायचं पत्र, म्हणून मी हुशारीनं मोघम लिहिलं: 'ताई, ते तिघींचं नाही, दोघींचं आहे. नीट लक्षात ठेव. बाकी भेटीअंती.' ताईला बरोब्बर कळेल, असं मला वाटलं. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी तिला कळणार नाही, अशी माझी खात्री पटली. पुढचे आठ दिवस मी जेवले का, झोपले का, आठवत नाही. गणपती बसले, आरत्या झाल्या, आणि आरतीच्या टाळ्यांतही मी दोघी आणि तिघी मोजत होते.

गौरीपूजनाच्या दिवशी पाच सुपं घेऊन बाबा आणि मी निघालो. सुपांत करंज्या, फळं, नारळ, हळदीची पानं, वर नवं कापड. गोव्याकडच्या बसगाड्या गणपतीला गावी निघालेल्या लोकांनी इतक्या भरलेल्या की पेण स्टँडला थांबतच नव्हत्या. शेवटी बाबा म्हणाले, रोह्याच्या पॅसेंजरनं जाऊ, तिथून एसटी बघू. गाडी प्रत्येक स्टेशनला बसून गप्पा मारल्यासारखी चालली होती. रुळांचा खडखडाट मला कधी दोघींचा वाटे, कधी तिघींचा, आणि एकाच खडखडाटात दोन्ही ऐकू यायला लागलं तेव्हा मी घाबरून कान झाकले. बोटं मात्र मांडीवरच्या सुपावर चालूच होती.

"हात आवर," बाबा म्हणाले. "करंज्या फुटतील."

मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. दोन दिवस मिटलेले डोळे त्यांनी कशाला माझ्यासाठी उघडले कोण जाणे. काय झालं ते विचारलं नाही. खिडकीतून बाहेर बघत, कारखान्यातलं बोलावं तसं म्हणाले की हात थरथरत असला तर तो देवाच्या डोळ्याजवळ नेऊच नये. रेघ राहिली तर मागून ओढता येते. वाकडी ओढलेली पुसता येत नाही. मला वाटलं, हे करंज्यांबद्दलच चाललंय.

रोहा स्टँडवर पाऊण तास गेला. पोचलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. ओट्यावर आत्या बसली होती, पायरीवर पाय सोडून. पाणी द्यायच्या आधी तिनं सुपांकडे बोट केलं.

"दोघींचंच आणलंत, की तिसरीचं पण हाय काय त्यात?"

बाबा गोंधळून हसले. मला आधी काहीच कळलं नाही. मग आत ताईचा चेहरा दिसला आणि कळलं. कार्ड आलं होतं. आत्यानं ते शेजारच्या मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतलं होतं. त्या घरात बायका तीन, सासू, आत्या आणि ताई. आणि पेणहून लिहून आलं होतं की ते घर तिघींचं नाही, दोघींचं आहे, नीट लक्षात ठेव. भावाच्या घरात राहणाऱ्या विधवेनं यातून काय समजायचं? स्वयंपाकघराच्या दारात ताईनं मला गाठलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय लिवलंस गो तू? कार्ड आल्यापासून आत्या माझ्याशी बोलल्या नायत."

"ताई, पायाचं हाय ते. कांडताना बघ, आपण दोघी—"

"सूनबाय, नारळ आण," सासूनं हाक मारली आणि ताई गेली. पुढे तासभर ती माझ्या हाती लागली नाही. नऊवारी, नथ, सुपं, एकेका सुपाला हात लावून नमस्कार. मी तिच्याकडे बघून दोन बोटं दाखवत होते. तिला वाटलं, मला दोन नंबरला जायचंय. तिनं खुणेनं मागचं दार दाखवलं.

पावसानं उघडीप दिली होती. अंगणात बायका जमल्या. शेजारचे तात्या ढोलकी घेऊन बसले आणि आधी गावच्या बायकांनी एक फेर धरला. तात्यांचा डावा हात म्हणजे मुसळच. घुम, घुम, घुम, प्रत्येक वळणाला तीनदा. दोघींचंच. तीळभरही शंका नव्हती. फेर संपला, ताईला पुढे बोलावलं, आणि आत्या ओट्यावरून म्हणाली, "हिची बहीण मोठी ढोलकीवाली, असं ही सांगते ना? मग हिच्या फेराला तीच वाजवू दे. बघू तरी पेणचं." तात्यांना चहा हवाच होता. ढोलकी माझ्या मांडीवर आली.

माझी काय दशा झाली ते सांगते. तात्यांसारखं दोघींचं वाजवावं, तर सगळ्या बरोबर नाचतील आणि ताई, मीच घोटवलेली ताई, उलटी पडेल. तिघींचं वाजवावं, तर ताई बरोबर आणि गावच्या तीस बायका उलट्या, त्याही गौरीपुढे, पेणच्या पोरीमुळे. म्हणजे ताईला संध्याकाळच्या गाडीनं आमच्याबरोबरच परतावं लागलं असतं. डावी थाप कुठं मारायची यावर सगळं होतं आणि माझा डावा हात थरथरत होता. तेव्हा मला पॅसेंजरमधले बाबा आठवले. मी डावा हात ढोलकीच्या कडेवर नुसता टेकवून ठेवला आणि एकट्या उजव्यानं सुरुवात केली. सहा घाव, सगळे सारखे, कुठंच जोर नाही. भिंतीपलीकडून ऐकू यायचे तसे.

"डावा हात दुखतो काय गो?" तात्यांनी कपातून विचारलं.

बायका जरा चाचपडल्या, पण गाणं ओळखीचं होतं. त्यांनी त्यात आपलं ऐकलं आणि ताईनं आपलं. पहिलं वळण जुळलं. दुसऱ्याला सगळ्यांचा डावा आणि ताईचा उजवा. शेजारणीच्या पायाला तिची टाच लागली. फेरात एक हिसका बसला आणि पुढे सरकला. ओट्यावर आत्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. ती आता काय म्हणणार ते अख्ख्या अंगणाला माहीत होतं. माझा उजवा हात चालू होता, टण टण टण टण, आणि मी तो शब्द शोधला नाही, तो आईच्या आवाजातच माझ्या तोंडून बाहेर पडला.

"तिसरी गेली!"

ताईनं वर बघितलं नाही. उखळाशी कधी बघत नसे, तसंच. पण तिचे खांदे बदलले. दहा वर्षं ते शब्द कानावर पडले की तिचं अंग जे करत आलं होतं, तेच त्यानं केलं. मधली रिकामी जागा भरून काढली. पुढच्या वळणाला सगळ्यांचा उजवा होता, तिचाही उजवा. उजवा, डावा, उजवा. आणि त्याच्या पुढच्या वळणाला तीस बायकांच्या डाव्या पायांबरोबर माझ्या बहिणीचा डावा पाय चिखलात पडला. मी आणखी चार वळणं वाट बघितली, कारण माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता. मग डावा हात हळूच आत आणला. घुम, घुम, घुम. फेर तीनदा अंगणभर फिरला आणि मी रडत होते असं बाबा म्हणतात. मी म्हणते घाम होता.

फेर मोडल्यावर आत्यानं मला ओट्यावर बोलावलं आणि शेजारी बसवलं. खालच्या आवाजात, नजर अंगणावर ठेवून विचारलं, "तिसरी म्हंजे मीच ना गो?"

मग मी सगळं सांगितलं. उखळ, मुसळं, खापर, घाणा, आई, कार्ड, चार दिवसांची शिकवणी. गुन्हा कबूल करावा तसं भराभरा. ती ऐकत राहिली. मध्येच तिनं मांडीवर बोटांनी दोघींचं वाजवलं, मग तिघींचं, आणि मान हलवली. तिच्या सासरीही कांडायचे म्हणाली. लग्नाला वर्ष पुरतं भरलं नाही, तेवढ्यात तिच्याही पायाबद्दल बोलले होते. एवढंच बोलून तिनं तो विषय पदरात बांधल्यासारखा गाठ मारून टाकला.

"पण ती तिसरी परत येते काय?"

"येते की. घाणा उतरवून येते."

"मग ते पण वराडायचं व्हतं. अर्ध्या अंगणाला वाटलं, मी मेले."

ताई माहेरी राहायला आली नाही. पायाचं नाव पुसलं गेलं, आणि ते आत्यानंच पुसलं. गावात तिनं सांगितलं की सुनेचा पाय सरळ आहे, तिच्या बहिणीचा डावा हात जरा लुळा आहे. त्या भागातून मला पुढे एकही स्थळ आलं नाही, त्याचं कारण हेच असावं असं मी धरून चालते. दुसरं कारण शोधायला मी गेले नाही. दिवाळीच्या सुमाराला कंपनीनं भावोजींना परत घेतलं, तेव्हा आत्यानं त्याचंही श्रेय ताईच्या पायाला दिलं. आम्ही ते मुकाट्यानं घेतलं. पुढच्या वर्षी त्या अंगणात बायकांनी फेराच्या मध्यावर आपणहून आरोळी ठोकली, 'तिसरी गेली'. आणि ओट्यावरून आत्यानं उत्तर दिलं, 'तिसरी आली'. का, ते कुणाला विचारायचं नव्हतं.

आता आत्या नाही, आई नाही. आमची पडवी पाडून तिथं गाळे झाले. खांबच्या त्या अंगणात मात्र दोन्ही आरोळ्या अजून आहेत. फोनवर फेर टिपणारी एक मुलगी यंदा मला समजावून सांगत होती की मावशी, ही फार प्राचीन प्रथा आहे, तीन गौरी असतात ना, त्यातली तिसरी. मी म्हटलं, असेल बाई.

यंदा ताईच्या सुनेचा पहिला ओवसा होता. मुलगी अलिबागकडची, हसरी, नऊवारीत अवघडलेली. ढोलकी माझ्याकडे होती. फेर सुरू झाला, पहिलं वळण जुळलं आणि दुसऱ्याला मला दिसलं. सगळ्यांचा डावा, तिचा उजवा. मुलगी लाल झाली, खाली पायांकडे बघायला लागली, आणि पायांकडे बघितलं की पाय आणखीच चुकतात. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मी डावा हात उचलून ढोलकीच्या कडेवर ठेवला. तेवढंच मला येतं. ओरडून उपयोग नव्हता. या मुलीनं कधी मुसळ धरलेलं नाही, तिला 'तिसरी गेली' म्हणजे नुसता गोंगाट.

ताई तिच्या मागेच होती, साठीच्या घरातली, गुडघ्याला पट्टा बांधलेली. तिनं सुनेच्या पायांकडे बघितलं. आता ही काय म्हणते, या भीतीनं माझा उजवा हातसुद्धा अडखळणार होता.

"तिसरी आली," ताई म्हणाली, आणि स्वतःचा पाय बदलला. उजवा, डावा. वळणाला दोनच पावलं, सुनेसारखी. तिच्या मागचीनं बदलला, तिच्या मागचीनं बदलला, आणि सगळा फेर सरकून त्या पोरीला जागा करून देत तिच्या पायावर आला.

मग मी डावी थाप दिली. तिघींची.